दोन अक्षरं आणि टॅब

मार्च अर्धा सरला की आमच्या लाटंबार्से गावाचा वास बदलतो. आधी काजूच्या मोहोराचा हलका, मग पिकलेल्या बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, गोडसर, नाकात किंचित चढणारा. खालच्या वळणावरच्या भट्टीतून हुर्राकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, दर्प येऊ लागला की समजायचं, मोसम रंगात आला. पाहुणे रुमाल काढतात. आम्हाला मात्र तो वास आला नाही तर घरात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. यंदाही तो वेळेवर आला आणि माझा डावा हात नकळत उजवं मनगट चोळू लागला. मनगट आता दुखत नाही. पण दोन वर्षांपूर्वीचा मोसम त्यात जाऊन बसलाय, तो काही उठायचं नाव घेत नाही.

डोंगर घराच्या पाठीमागूनच चढतो. आमच्याकडे बोंडू झाडावरून ओढत नाहीत. तो आपणहून खाली पडला की उचलायचा. ओढून काढलेल्या बोंडवाचा रस नीट उतरत नाही म्हणतात, आणि भट्टीवाला तो बघताक्षणी ओळखतो. म्हणून मोसमात रोज सकाळी डब्बे घेऊन वर जायचं आणि काठीच्या टोकाला ठोकलेल्या खिळ्यावर एकेक बोंडू टोचून उचलायचा. कंबर वाकवावी लागत नाही. ही काठी नक्कीच कुणातरी आळशी माणसाने शोधून काढली असणार. आळस हा माझाही मूळ स्वभाव असल्यामुळे तिच्याबद्दल मला फार आदर आहे.

बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आई एकटी पडली म्हणून मी म्हापशातल्या ऑफिसात भांडून घरून काम करण्याची परवानगी मिळवली होती. कंपनी छोटीशी. लोकांच्या वेबसाइटी, फोटो, ध्वनिमुद्रणं ज्या यंत्रांवर ठेवलेली असतात ती यंत्रं सांभाळायची, एवढंच आमचं काम. आमच्या मॅडमनी नाक मुरडलं होतं. "गावात रेंज मिळते का? काम अडलं तर तुला परत इथे यावं लागेल," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

त्या सकाळी माझ्या एका हातात काठी, कानात ऑफिसचा फोन. आई वरून ओरडली, "बाय, पानां सुकी आसत, पांय बघून घाल गो!" काजूची सुकी पानं उतारावर किती निसरडी असतात हे लाटंबार्शातल्या शेळीलाही माहीत आहे. मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी फोनवर कुणाला तरी काहीतरी समजावत राहिले, पाय सरकला आणि सगळं अंग उजव्या हातावर आलं. डिचोलीच्या डॉक्टरांनी कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे म्हणाले.

मी ऑफिसात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'काम अडलं' हे शब्द खरे ठरले असते, मला म्हापशाला बोलावलं असतं आणि ऐन मोसमात आई डोंगरावर एकटी राहिली असती. जुन्या यंत्रांवरचं सगळं नव्या यंत्रांवर हलवायचं मोठं काम त्याच महिन्यात माझ्याकडे होतं. मी फक्त मंगेशला सांगितलं. मंगेश दोडामार्गचा, सहा महिन्यांच्या करारावर लागलेला, माझ्या हाताखाली. तो म्हणाला, "ताई, एका हातान कसा करतलंस?" मी म्हटलं, "बघू."

तिथून माझा तो सुखाचा काळ सुरू झाला. हो, सुखाचाच. आमचं काम काळ्या खिडकीत चालतं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. आता डाव्या हाताने लांबलचक हुकूम टाइप करणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. पण कीबोर्डावर डाव्या करंगळीच्या शेजारी टॅब नावाची कळ असते. दोन-तीन अक्षरं लिहून ती दाबली की शेल, म्हणजे आपले हुकूम ऐकणारा तो प्रोग्रॅम, उरलेलं नाव स्वतःच पुरं करतो. इतकी वर्षं ती कळ मी वापरत होते ती वाटेत चहा मिळाला तर घ्यावा तशी. आता ती माझा दुसरा हात झाली.

शेलला मुळात फाईलींची नावं तेवढी ठाऊक असतात. पण त्याला शिकवता येतं. एक छोटी फाईल उघडायची आणि लिहायचं की अमुक शब्दानंतर अमुक नावं सुचव. मी आधी यंत्रांची नावं शिकवली. आमच्या ऑफिसात यंत्राला ते बसवणाऱ्याच्या गावाचं नाव देण्याची पद्धत आहे. त्यामुळे आमच्याकडे पार्से आहे, लाटंबार्से आहे (ते अर्थात माझं), आणि पूर्वी कामाला असलेल्या एकाने बसवलेलं इब्रामपूरही आहे. नावं इंग्रजी अक्षरांत, आणि त्यात लाटंबार्से तर एका हाताने लिहिताना श्वास लागतो. आता एल, ए आणि टॅब, की अख्खं गाव समोर. मग मी गिऱ्हाइकांची नावं शिकवली. मग हुकुमांच्या पुढे लागणारी शेपटं. मग लहान-मोठ्या अक्षरांत फरक करू नकोस असं बजावलं. रोज सकाळी अंगणात बसून एक नवी ओळ लिहायची, दिवसभर वापरून बघायची, दुसऱ्या दिवशी सुधारायची. बाहेर आई बोंडवांतून बिया पिळून वेगळ्या करत असायची, पाव विकणाऱ्या पदेराची सायकल वाजत जायची, आणि मी आपल्या यंत्राला माझे शब्द शिकवत असायची. तिसऱ्या आठवड्यात मी दोन हातांनी करायची त्यापेक्षा भरभर काम करू लागले. मला त्याचा भलताच गर्व झाला.

आईला एकदा दाखवलं. ती ओल्या हातांनी मागे उभी राहून बघत होती.

"म्हणजे अर्धा तू म्हणतलंस आनी उरलेला तो म्हणतलो?"

"हो."

"तुजो बापूस तसोच. दोन शब्द बोलायचो, उरलेला मी समजान घेवचा."

"आणि चुकलं तर?"

"चुकला तर काय, चाय परत करूची," आई म्हणाली आणि बियांकडे गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिला मला दाखवायचं नव्हतं. मलाही बाबांची आठवण आली आणि मी चार ओळी उगाचच लिहिल्या.

एक गोष्ट तेवढी अडचणीची होती. दोन नावांची सुरुवात सारखी असली तर शेल गोंधळतो. तो सारखा भाग लिहितो, थांबतो आणि 'ठण्' असा आवाज करतो. अर्थ असा, की बाई, पुढे दोन वाटा आहेत, कुठली ते तूच सांग. हा ठण् दिवसातून पन्नासदा वाजायचा आणि आई पन्नासदा आतून विचारायची, "कोण आयला गो?" शेवटी मी एक ओळ लिहिली आणि तो आवाज बंद करून टाकला. घर शांत झालं.

त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त फोन यायचे ते पार्शाच्या अण्णांचे. अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले. हार्मोनियम घेऊन भजनं शिकवतात. त्यांचे शिष्य पुण्यापासून मस्कतपर्यंत पसरलेले, म्हणून अण्णा एकेक भजन फोनवर ध्वनिमुद्रित करून, नंबर घालून आपल्या वेबसाइटीवर चढवतात. ती वेबसाइट आमच्याकडे, इब्रामपूर यंत्रावर. फोनमधली जागा संपली की अण्णा घाबरायचे. मीच त्यांना शिकवलं होतं, "अण्णा, एकदा वर चढलं की फोनमधून पुसून टाका. इकडे सुरक्षित आहे." ते माझं ऐकत. आमच्या पिढीच्या माणसांनी सांगितलेलं ते जरा जास्तच ऐकतात.

एप्रिलात एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज हललेला. "बाय, सत्तावीस चडला काय बघ गो."

"चढलं अण्णा."

"ता माज्या चेडवाचा. सुमनचा. दुबयसून आयल्ली, दा दिसांखातीर. लग्न जाल्यापासून तोंड उघडूक नाय गाण्याक, बारा वर्सां. काल सकाळी फाटपटी आपणच माज्या बाजूक येवन बसली आनी म्हणूक लागली." आणि मग, "आयक हां एकदा."

"ऐकते अण्णा, नक्की," मी म्हटलं. त्या दिवशी तीन यंत्रं हलवायची होती. ऐकायचं राहिलं. सुमन विमानाने परत गेली.

मग ती दुपार आली. इब्रामपूर हलवून नऊ दिवस झाले होते. नव्या यंत्राला इब्रामपूर हे नाव दिलं होतं आणि जुन्याला 'इब्रामपूर-जुना' असं. सगळं नीट चाललंय म्हटल्यावर जुनं पुसून टाकायचं होतं. मी पुसण्याचा हुकूम लिहिला, पुढे नावाची तीन अक्षरं, टॅब, एंटर. यंत्राने विचारलं, नक्की? त्या प्रश्नात नावही होतं. मी ते वाचलं नाही. 'हो'चं अक्षर दाबलं आणि चहा घ्यायला उठले.

शेलने आपलं काम चोख केलं होतं. दोन नावं सारखी सुरू होत होती, म्हणून सारखा भाग लिहून तो थांबला. त्याने ठण्ही केलं असतं, पण त्याचं तोंड मीच बंद केलं होतं. आणि जो सारखा भाग त्याने लिहिला होता, तेच नव्या, चालत्या यंत्राचं पूर्ण नाव होतं. मी जुनं ठेवून नवं पुसलं होतं.

मंगेशचा फोन आला तेव्हा कप माझ्या हातात होता. "ताई, इब्रामपूर दिसना नाय." मी स्क्रीनवरची ओळ वाचली. पुन्हा वाचली. जुन्या यंत्रावर नऊ दिवसांपूर्वीपर्यंतचं सगळं होतं. त्यानंतरचं कुठेच नव्हतं. नव्या यंत्राचा रोजचा बॅकअप मंगेशने लावायचा होता, आणि मीच त्याला म्हटलं होतं, जुनं पुसून होऊ दे, मग लाव. तेही फोनवर.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून बरंचसं उभं केलं. नऊ दिवसांतलं बहुतेक लोकांकडे कुठे ना कुठे होतं, ते पुन्हा पाठवतो म्हणाले. अण्णांच्या यादीत सव्वीसपर्यंत सगळं जागेवर आलं. सत्तावीस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला मॅडमची बैठक होती. दहाला मंगेशचा फोन आला.

"ताई, मी सांगलंय मॅडमाक. बॅकअप माज्याकडे होतो, मी लावूक नाय. चूक माजी."

"अरे, तुला थांब मी म्हटलं होतं. आणि पुसलंही मीच."

"ता खंय लिवलेला नाय. यंत्रात आपण सगळे एकाच नावान जातो, कोणी पुसला ता कळूचा नाय. तुजो हात मोडलेलो मॅडमाक कळलो तर तुका म्हापशाक जावचा लागतला. आई एकटी डोंगराक कशी जातली? माजा काय, सा म्हयन्यांचो कागद. जून इलो काय संपलोच."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं. मी 'बरं' म्हटलं नाही, पण 'नको'ही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. प्लास्टरच्या आत खाज सुटली होती आणि तिथे बोट पोचत नव्हतं.

आई दारात येऊन उभी राहिली. कालपासून मी धड जेवले नव्हते, तिला काय ते कळलं होतं. "कोणाचा गेला?" तिने विचारलं.

"अण्णांचं. त्यांच्या मुलीचं भजन."

"मगे अण्णाक सांगलंस?"

मॅडमला काय सांगायचं, मंगेशला काय सांगायचं याचा मी रात्रभर काथ्याकूट केला होता. अण्णांना सांगायचं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई बोंडवांचे डब्बे धुवायला निघून गेली.

मी अण्णांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. हात मोडलाय, तो लपवला, घाई केली, न वाचता पुसलं, तुमच्या फोनमधलंही माझ्याच सांगण्यावरून गेलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हात खूब दुखता काय गो?" मला रडूच फुटलं. रडू थांबायच्या आतच अकरा वाजले, म्हणून बैठकीत मॅडमनी मला नाक ओढतानाच पाहिलं. मी कॅमेऱ्यासमोर प्लास्टर धरलं आणि म्हटलं, मंगेशने सांगितलं ते खरं नाही.

मॅडमनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की हात मोडल्याबद्दल कुणी रागावलं नसतं. प्लास्टर निघेपर्यंत मी रोज डिचोलीहून बसने म्हापशाला जायचं आणि मंगेश शेजारी असल्याशिवाय काहीही पुसायचं नाही, असं ठरलं. त्या मोसमात अर्धे बोंडू झाडांखालीच कुजले. आई एकटीने जमेल तेवढे उचलत राहिली आणि मला एका शब्दाने बोलली नाही. मंगेशचा कागद जूनमध्ये संपला नाही. आता तो कायम आहे आणि बैठकांत माझ्या चुका काढतो.

मी शेलच्या त्या फाईलीतल्या बऱ्याचशा ओळी तशाच ठेवल्या. हात बरा झाला तरी सवय लागली ती लागलीच. पण ठण् परत आणला. आई हल्ली विचारत नाही, तिला तो पाहुणा ओळखीचा झालाय. आणि पुसण्याच्या हुकुमापुढे मी शेलला काहीही सुचवायची मनाई केली आहे. तिथे टॅब कितीही दाबा, तो ढिम्म. ज्याला गाव पुसायचं आहे त्याने गावाचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः लिहावं. मंगेश कुरकुरतो. कुरकुरू दे.

अण्णा आता साठीच्या पुढच्या नंबरात आहेत, म्हणजे भजनांच्या. त्यांच्या यादीत सव्वीसनंतर अठ्ठावीस येतं. मी एकदा विचारलं होतं, नंबर सरळ करून देऊ का? "नाका," ते म्हणाले, "ती येतली तेन्ना म्हणतली." सुमन गेल्या वर्षी आली नाही. यंदाही जमणार नाही, असं तिने कळवलंय.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. नवं भजन चढलं का ते विचारायला. चढलं होतं. तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, "बाय, सत्तावीस तू आयकल्लंस मगे? कसा म्हटल्यान गो तिणें? माका आताशा तिचो आवाज नीट आठवना नाय."

सगळ्यांना सगळं सांगून मोकळी झाले, असं मी दोन वर्षं समजत होते. हे एक सांगायचं राहिलं होतं. बाहेर आई बिया उन्हात पसरत होती. 'छान म्हटलं होतं' एवढं बोलणं किती सोपं होतं. त्यांना तेवढंच हवं होतं कदाचित.

"अण्णा, मी ऐकलं नव्हतं. ऐकते म्हटलं आणि ऐकलंच नाही."

पलीकडून हार्मोनियमचा भाता हलल्याचा आवाज आला.

"मगे आता आयक," अण्णा म्हणाले. "तिणें म्हटल्लां तसा म्हणून बघतंय."

ते म्हणू लागले. त्यांचा गळा थकलाय, सूर मध्येच खाली बसतो. सुमन जिथे थांबली असेल तिथे ते थांबत होते, जिथे तिने आवाज सोडला असेल तिथे सोडत होते. दुसऱ्या कडव्यात त्यांना ओळ आठवेना. पहिले दोन शब्द म्हणून ते अडले. पुन्हा तेच दोन शब्द म्हटले, पुन्हा अडले. मला ती ओळ पाठ होती, आमच्या देवळात दर एकादशीला म्हणतात. ती माझ्या ओठांपर्यंत आली.

मी ती म्हटली नाही. फोन कानाला धरून बसून राहिले. हार्मोनियमचा एकच सूर चालू होता. बऱ्याच वेळाने अण्णांना ओळ सापडली आणि ते पुढे म्हणू लागले.